बर्फाचा तह आणि खैरीचे गाडगे

॥ श्री ॥

सोमवार, ता. १९ ऑक्टोबर १९५९. आश्विन व. ३. मोहटोला.

जो वाचा देतो, आणि ती वेळीच आवरण्याची बुद्धीही देतो, त्या नारायणाची कृपा या वहीवर असावी. पहिले दान मला उदंड मिळाले. दुसरे मागण्याचे वय झाले आहे.

जुनी वही वाळवीने संपवली. तीत अकरा वर्षे होती. शोक झाला नाही, याचेच आश्चर्य.

सायंकाळी मारुतीच्या पारावर पोथी. अध्याय लहान होता, तरी घसा बसला. समाप्तीनंतर नेहमीप्रमाणे वर्तमानपत्र. शाळेतून निवृत्त झालो तेव्हा ही रीत मीच घातली. पोथी ज्या व्यासपीठावर, त्याच व्यासपीठावर पेपर, कारण समई तेथेच. आता निम्मे श्रोते पोथीला येतात ते पेपरासाठी, हे मी ओळखून आहे. ढिवरपेठेचे ढीवर, मासेमार, येतात, वेलगट्ट्याचे गोंड येतात. वेलगट्ट्याचा चैतू भुमका, त्यांचा पुजारी, पोथी होईपर्यंत निंबाखाली बसतो. त्याचे देव निराळे. पेपर उघडला की पाराला टेकून अगदी माझ्या गुडघ्याशी येतो.

आज आतल्या पानावर चार ओळी. पृथ्वीच्या दक्षिण टोकास बर्फाचे एक खंड आहे. मनुष्यवस्ती नाही. सात राष्ट्रे त्यावर हक्क सांगतात. रशिया, अमेरिका धरून बारा राष्ट्रांचे वकील अमेरिकेच्या राजधानीत जमले आहेत, त्या खंडाचा कारभार सर्वांनी मिळून कसा पाहावा हे ठरवण्यासाठी.

झिंगरू ढीवर : "तिथी मासोऱ्या असतीन का, गुरुजी?"

नथ्थू पाटील : "अबे, धान नाई, मोह नाई, मानूस नाई. मंग भांडून काऊन राह्यले थे?"

भुमका : "तिथी देव कोनाचा हाये?"

दक्षिण ही यमाची दिशा, एवढेच आठवले. ते बोललो नाही. सात द्वीपांत हे खंड कोठे बसवावे याचा विचार केला. बसत नाही. डोळे चुरचुरतात. उजव्यात पडदा वाढला आहे.

शुक्रवार, ता. २३. आश्विन व. ७.

सकाळीच नथ्थू पाटील दारात. विषय खैरी तलावाचा, दुसरा असतो कुठे? मालगुजारी होती तोवर तलाव मालगुजाराचा. ती गेली, मालगुजार नागपुरास गेला, आणि रानात तीन कोसांवर पडलेला तो तलाव तीन गावांचा झाला, म्हणजे कुणाचाच नाही. आमच्या मोहटोल्याला उशिरा पिकणाऱ्या भारी धानासाठी कार्तिकात शेवटचे पाणी हवे. ढिवरपेठेला उन्हाळ्यापुरते पाणी तळाशी राखून हवे, नाहीतर मासोळीचे बी मरते. वेलगट्ट्याला पूर्वेचा कोपरा अस्पर्श हवा. तेथे त्यांचा देव माघात न्हातो. तिघांचेही खरे. म्हणूनच कठीण.

गेल्या वर्षी याच दिवसांत पाळीवर, तलावाच्या बांधावर, लाठ्या चालल्या. झिंगरूच्या धाकट्या भावाचा, डोमाचा, हात मोडला. वाकडाच जुळला. जाळे फेकता येत नाही. आता दुसऱ्यांची जाळी विणतो.

पाटील म्हणतो, "या साली आमी वाट नाई पाहत गुरुजी. पाणी सोडलं नाई त पाळच फोडतो."

"पाळ फोडलीस तर पुढच्या वर्षी पाणी कुठले?"

"पुढच्या सालाचं पुढच्या साली."

मी त्याला तिसरीत शिकवले आहे. तेव्हाही हातचा घ्यायला विसरत असे.

सोमवार, ता. २ नोव्हेंबर. कार्तिक शु. २.

दिवाळी झाली. सूनबाईचा भाऊ येऊन गेला. चि. वामन भद्रावतीहून आला नाही. खाणीत सुट्टी नाही.

पारावर पुन्हा बर्फाची मागणी. लोक पोथीतल्या कथेसारखे विचारतात : "त्या बारा गावच्या पंचायतीचं का झालं?" वृत्त तीनच ओळी. वकील दार लावून बसतात, बाहेर काही कळू देत नाहीत. मते मोजून निर्णय करावयाचा नाही. एकाने नको म्हटले तर सगळे थांबतात. हक्क सांगणाऱ्या सातांपैकी तिघांचे तुकडे एकमेकांवर चढलेले, एकाच बर्फावर तिघांची नावे. आपल्या देशाने दोन-तीन वर्षांमागे हा प्रश्न जगाच्या सभेत काढावयास घेतला होता, असे स्मरते. पण बारांत आपण नाही.

"एकानं नाई म्हटलं त सारेच थांबते?" पाटील हसला. "मंग झिंगऱ्या एकटाच त्या सभेले पुरे."

झिंगरू : "आन् तुमी गेले त बर्फालेबी पाट काढान, पाटील."

पुष्कळ दिवसांनी दोघांच्या बोलण्यावर दोघे हसले. त्या हशात माझा हात समईला लागला. तेल पेपरावर सांडले. मधोमध मोठा डाग. भुमका म्हणाला, "पाहा, ससा उमटला." खरेच, कान उभारलेला ससा.

शुक्रवार, ता. ६. कार्तिक शु. ६.

तहसिलीतून निरोप आला. साहेबांचा दौरा मार्गशीर्षाच्या चतुर्दशीला. तोवर तिन्ही गावांनी एका कागदावर अंगठे करून तलावाची वहिवाट ठरवून द्यावी. न दिल्यास तलाव सरकारच्या ताब्यात, कुलूपबंद. पाणीही नाही, मासाही नाही.

त्यासाठी आज पारावर बैठक. तिघांनी आपापला पुरावा आणला. पाटलाने मालगुजाराच्या वेळचा कागद, घडीवर फाटलेला. झिंगरूने आजोबाच्या जाळ्याचे दगडी वजन, गाळात सापडलेले, भोक पाडलेले. भुमक्याने लोखंडी साखळीची एक कडी. ती कुठली, किती जुनी, हे तो सांगत नाही. सांगण्याची वस्तू नाही म्हणतो.

पाटील : "गोट्यावर नाव लिहिलं हाये का तुह्या आज्याचं?"

झिंगरू : "तुमच्या कागदावर पान्याचं नाव हाये का?"

डोमा मागे उभा होता. त्याने वाकडा हात वर केला. "हाबी घ्या पुराव्यात."

बैठक मोडली. अध्यक्ष मी. अध्यक्षाने काय करावे हे मला कोणत्याही शास्त्रात सापडले नाही.

बुधवार, ता. ११. कार्तिक शु. ११.

एकादशी. निर्जळ करण्याचे वय नाही, तरी केले. अंग गळून गेले.

पेपर चार दिवस नाही. चांद्याची मोटार वाटेत नादुरुस्त पडली, म्हणे. डाकवाला रिकाम्या हाताने येतो व माझ्याकडे न पाहता जातो.

सूनबाईने विहिरीवर ऐकले : पाटलाची माणसे कुदळींना नवे दांडे बसवून राह्यली. पौर्णिमेला सकाळी जाणार. झिंगरूच्या बाजूनेही कुणी स्वस्थ बसलेले नाही. "मामाजी, तुमी काही बोला नं. तुमचं आयकतेत."

माझे ऐकतात, हे खरे नाही. व्यासपीठाचे ऐकतात.

शुक्रवार, ता. १३. कार्तिक शु. १३.

लिहावयास हात धजत नाही. पण येथे नाही लिहिले तर कोठे लिहू?

आज पारावर तिन्ही गावचे लोक होते. पोथी कुणाच्या कानात शिरत नव्हती. पाटलाची माणसे एका बाजूला, ढीवर दुसऱ्या. पोथी मिटली. पेपर आलेला नव्हता. उठलो असतो तर ते तसेच पाळीवर गेले असते, आज नाही तर परवा.

मी व्यासपीठाखालचा जुना पेपर काढला. उघडला. डोळ्यांशी धरला. आणि वाचू लागलो, जे त्यात नव्हते ते.

वाचले ते असे : बारा राष्ट्रांचा तह झाला. कुणाचा हक्क खरा, कुणाचा खोटा, हे त्यांनी ठरवलेच नाही. ठरवू गेले असते तर कल्पान्त झाला असता. त्यांनी एक मोठे मातीचे भांडे आणले. ज्याचा त्याचा दाखला त्यात घातला, तोंड लिंपले, आणि ते सभेच्या दारी टांगले. भांडे बंद आहे तोवर कुणाचा हक्क वाढत नाही, कुणाचा घटत नाही. ज्याचा दाखला आत नाही त्यालाही सभेत तितकेच आसन. कारभार सर्वांनी मिळून पाहावयाचा. जो भांड्याला हात लावील तो सभेतून उठला.

इतके वाचून मी पेपर मिटला.

मग झिंगरू : "हरला कोनीच नाई म्हना."

पाटील : "जिंकलाबी नाई." मग : "रशियानंबी टाकला?"

"टाकला," मी म्हणालो. तेही खोटे. रशियाने तर कुठला तुकडा मागितलाच नव्हता.

बावन्न वर्षे पोथी वाचली. कधी एक ओवी गाळली नाही, घातली नाही.

रविवार, ता. १५. कार्तिक पौर्णिमा.

पाळीवर गेलो, बैलगाडीतून. हाडे खिळखिळी झाली. कुदळी आल्या होत्या. ढिवरपेठेच्या लाठ्याही होत्या. पण मध्ये एक गाडगे होते. कुणी आणले विचारले नाही.

पाटलाने कागद घातला. घालताना दोनदा उलगडून पाहिला. झिंगरूने दगड. भुमक्याने कडी कापडात गुंडाळून, पाठ फिरवून. डोमाने पाळीच्याच मातीने तोंड लिंपले, डाव्या हाताने. पाळीवरच्या मोहाच्या आडव्या फांदीला टांगले.

मग ठरले. सरळ, तासाभरात. याच तिघांना वर्षभर जमले नव्हते. आजपासून अमावास्येपर्यंत मोहटोल्याला पाणी. मग तुडुम, म्हणजे पाणी सोडण्याचे तोंड, बंद. पुढच्या आषाढापर्यंत कुणी उघडायचे नाही. तळाचे पाणी मासोळीला. पूर्वेच्या कोपऱ्यात जाळे नाही, पाट नाही, गुरे नाहीत. दर पौर्णिमेला तिन्ही गावचा एकेक माणूस पाळीवर भेटेल. मी कागद लिहिला. दोघांचे अंगठे झाले. भुमका म्हणाला, "देवाले इचारून देतो. पंधरा-वीस दिस लागन."

परतताना पाटील गाडीशी चालत होता. "गुरुजी, अमेरिकेतलं गाडगं केवढं असन?"

"मोठे असेल," म्हणालो.

मंगळवार, ता. १७. कार्तिक व. २.

मोटार सुरू झाली. दहा दिवसांचे पेपर एकदम. शेवटच्यात बर्फाविषयी दोन ओळी : चर्चा अद्याप चालू आहे, हक्कांच्या कलमावर मतभेद.

म्हणजे मी सांगितले तेव्हा तह झालेला नव्हता. अजून नाही. होईल की नाही, हे त्या बारांनाही ठाऊक नाही.

त्या दोन ओळी पारावर वाचल्या नाहीत. धान्याचे भाव वाचले. आजपासून एकभुक्त.

बुधवार, ता. २५. कार्तिक व. १०.

अशक्तपणा. सूनबाई रागावते. "उपास कोनाचा करून राह्यले मामाजी? पंचांगात त काही नाई." तिला सांगितले नाही.

दुपारी भुमका आला. अंगणात बसला, घरात येत नाही. मोहफुलांची पुडी आणली होती. इकडचे तिकडचे बोलून म्हणाला :

"त्या दिशी पेपरात ससा होता."

मला कळले नाही.

"तेलाचा. दिवाळीले सांडला होता नं? तोच ससा. मले वाचता नाई येत गुरुजी, पन ससा ओळखता येते."

सर्व लोकांत हाच एक पाराला टेकून बसतो. बारा दिवस त्याला ठाऊक होते.

"मग गाडग्यात कडी का टाकलीस?"

"गोष्ट बरी होती म्हनून." विडी विझली होती, ती कानावर ठेवली. "आमच्या देवाच्या गोष्टी कोनं लिहून ठेवल्या हायेत? कोनीतरी पयल्यांदा सांगितली असनच."

मी म्हणालो, तुमचे तसे असेल. माझे तसे नाही. मी ते आसनावरून, ग्रंथ हाती असल्यासारखे वाचले. लोकांनी मला नव्हे, त्या आसनाला मान दिला. हे मला सांगून टाकलेच पाहिजे.

तो उठला. "तुमचं पाप तुमच्यापाशी ठेवा, भाऊ. गाडग्यात नका टाकू. पाटलाचा सभाव मालूम हाये नं तुमाले?"

मालूम आहे. हसे झाले असे त्याला वाटले की तो खरे-खोटे पाहत नाही. पाळ फोडील.

जाताना मी विचारले, अंगठा? म्हणाला, "देव अजून बोलला नाई."

मंगळवार, ता. १ डिसेंबर. मार्गशीर्ष शु. १.

काल अमावास्येला ठरल्याप्रमाणे तुडुम बंद झाले. पाटलाने स्वतः बंद केले, झिंगरूसमोर. आमचे धान भिजले आहे. झिंगरूने पाटलाच्या घरी मासोळ्यांची टोपली पाठवली. हे ऐकून मला आनंद व्हावयास हवा होता. झोपावेसे वाटले.

एक विचार सारखा येतो. साहेब चतुर्दशीला येणार. साहेब पेपर वाचणारे. पाटील त्यांना मोठ्या हौसेने सांगणार : अमेरिकेत गाडगे टांगले, तसे आम्ही टांगले. साहेब हसतील. त्या एका हशात सर्व जाईल. आणि मग लोक म्हणतील, म्हातारा व्यासपीठावरून आपल्याला खेळवत होता. तेव्हा कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे. की हे मी आपल्याच मनाच्या शांतीसाठी रचतो आहे?

शनिवार, ता. ५. मार्ग. शु. ५.

आले. अर्धा स्तंभ. तह झाला, गेल्या मंगळवारी सह्या झाल्या. म्हणजे मी येथे "झोपावेसे वाटले" असे लिहीत होतो त्याच दिवशी.

भिंग घेऊन तीनदा वाचले. त्या खंडात कुणी सैन्य न्यावयाचे नाही, शस्त्राची परीक्षा घ्यावयाची नाही, अणूचा स्फोट करावयाचा नाही. विद्येसाठी कुणीही जावे, जे सापडेल ते सर्वांस सांगावे. एकाने दुसऱ्याचे ठाणे केव्हाही जाऊन पाहावे. कुणी दार लावू नये. काही काळाने सर्वांनी पुन्हा भेटावे.

आणि हक्कांविषयी : कुणाचा हक्क मान्य नाही, कुणाचा अमान्य नाही. तह चालू आहे तोवर कुणी नवा सांगू नये, जुना वाढवू नये.

पेपर मांडीवर ठेवून बसलो. मी रचलेले आणि हे, यांत फक्त गाडग्याचा फरक. हा प्रसाद म्हणावा की थट्टा? खोटे बोललो आणि ते खरे झाले, म्हणून ते खोटे नव्हते असे होत नाही. बाण अंधारात सोडला आणि मृगाला लागला, म्हणून सोडणारा धनुर्धर ठरत नाही.

आणखी एक वाक्य शेवटी, बारीक अक्षरांत. सह्या झाल्या तरी तह आज लागू नाही. प्रत्येक प्रतिनिधी घरी जाईल, प्रत्येक घर मान्य करील, बाराही घरांनी केले तरच. म्हणजे तेही अजून कुणाच्या तरी अंगठ्यासाठी थांबले आहेत.

खरा कागद आता हाती आहे. हाच वाचून गप्प बसता येईल. कुणालाही संशय येणार नाही. पाटील म्हणेल, हे तर तुम्ही मागेच सांगितले होते. मोह यालाच म्हणतात. तो नेहमी सोयीच्या वेषात येतो.

रविवार, ता. ६. मार्ग. शु. ६.

सांगितले.

पोथी झाली, पेपर उघडला, तह पूर्ण वाचला. लोक खूश. मग मी व्यासपीठावरून खाली उतरलो. खालीच उभा राहिलो, कारण त्या आसनावरून हे बोलण्याचा अधिकार मला नव्हता. म्हणालो : कार्तिकात मी वाचले ते या पेपरात नव्हते. कुठल्याच पेपरात नव्हते. ते मी मनाने रचले. गाडगे माझे आहे. तुम्ही पाळ फोडाल या भयाने मी केले. पण या आसनावरून केले, म्हणून अपराध.

पाटील : "म्हंजे तिकडं गाडगं नाईच?"

"नाही."

"आन् आमी इथी झाडाले टांगलं!"

मागे कुणीतरी फिसकन हसले. पाटलाचा चेहरा काळवंडला. त्याला मी तिसरीत एकदा सर्व वर्गासमोर चुकीचे गणित वाचायला लावले होते, तोच चेहरा. "खुळं केलं मले. साऱ्या मुलखात. उद्या उतरवतो थे गाडगं आन् माहा कागद माह्या घरी."

झिंगरूकडे पाहिले. तो तरी काही बोलेल असे वाटले. बोलला : "डोमाचा हात मोडला तवा खरं बोलनारे लय होते, गुरुजी. तुमीबी होते. एकानंबी लाठी नाई अडवली." आणि गेला. हे माझ्यावर की माझ्या बाजूने, कळले नाही. अजून कळत नाही.

भुमका निंबाखाली होता. आज तो पाराशी आलाच नव्हता.

समई मीच विझवली.

बुधवार, ता. ९. मार्ग. शु. ९.

तीन दिवस पारावर फक्त दोन वृद्ध बाया. त्यांना ऐकू येत नाही. त्यांच्यासाठी अध्याय वाचला, पेपर वाचला. एक म्हणाली, "बरं झालं बाप्पा." कशाविषयी, देव जाणे.

पाटील गाडग्याकडे गेला की नाही, कळत नाही. विचारावयास कोणाकडे जाऊ? सकाळी तो समोरून गेला. मान वळवली.

ताप आहे, थोडा. त्या दूरच्या बर्फाचा विचार येतो. जेथे पेरावयास काही नाही, तेथे बारांनी वाट पाहणे कबूल केले. येथे पेरणारे आपण; वाट पाहणे आपल्याला अधिक यावयास हवे. या वाक्याला उपदेशाचा वास येतो. खोडत नाही.

शुक्रवार, ता. ११. मार्ग. शु. ११.

एकादशी. फक्त दूध. सूनबाईने बळेच दिले.

ती आज तिच्या मैत्रिणींबरोबर सरपणाला खैरीकडे गेली होती. मी पाठवले नव्हते. परत आली, मोळी टाकली, पदराने तोंड पुसले. आपणहून बोलली.

"हाये मामाजी."

"काय?"

"गाडगं. टांगलेलंच हाये. आन् त्याच्यावर छप्पर केलं कोनंतरी. पळसाच्या पानाचं, एवढंसं. दव पडून माती सुटू नये म्हनून असन."

"कोणी बांधले?"

"मले का मालूम? पाळीवर कोनीच नव्हतं."

"आणि पाणी?"

"पाट कोरडा होता. आवाज नव्हता पान्याचा."

पानांचे छप्पर कुणी केले असेल? पाटलाचा हात असल्या कामाला बसत नाही. ढिवरांचा बसतो. गोंडांचाही बसतो. डोमाचा एक हात तर नक्कीच बसतो. विचार पुढे नेला नाही. जे कुणी मला सांगितलेले नाही, ते रचण्याची सवय मला सोडावयाची आहे.

साहेब तीन दिवसांनी येतील. कागदावर भुमक्याचा अंगठा नाही. येईल की नाही, कागद राहील की फाटेल, मला ठाऊक नाही. आणि त्या बारा घरांतून होकार येतील की नाही, तेही नाही. उद्या पारावर पेपर वाचीन, त्यात जेवढे असेल तेवढेच. पोथीचा अध्याय मोठा आहे, घसा साथ देवो.

ही वही पुढे कुणाच्या हाती गेली, तर वाचणाऱ्याच्या घरी पाणी पुरावे. त्याच्या शेजाऱ्याच्याही घरी पुरावे. दोघांच्या मध्ये जे काही टांगलेले असेल, त्यावर कुणाचे तरी दोन हात छाया धरोत. नारायण सर्वांचे बरे करो.